वाघ वरच्या मजल्यावर

माझ्या सासऱ्यांनी, नानांनी, आयुष्यात सिगारेट ओढली नाही. सुपारीचं खांडसुद्धा कधी तोंडात टाकलं नाही. आणि तरी त्यांच्या मागे आमच्या घरात जे भांडण उरलं ते सिगारेटच्या पाकिटांतलं आहे. हे कुणाला सांगायला जावं तर लोक माझ्याकडेच संशयानं बघतात.

इंग्रजांच्या काळी सिगारेटच्या पाकिटात एकेक रंगीत चित्र घालत असत. पाकीट दबू नये म्हणून, आणि गिऱ्हाइकानं पुढचंही पाकीट घ्यावं म्हणून. काडेपेटीहून थोडं मोठं, जाड कागदाचं. पुढच्या बाजूला प्राणी, मागे नंबर आणि बारीक इंग्रजीत त्या प्राण्याची माहिती. असे एकूण पन्नास प्राणी. सासऱ्यांचे मामा कॅम्पातल्या लष्करी कँटीनमध्ये कारकून होते. गोऱ्या सोल्जरांनी टाकून दिलेल्या पाकिटांतली चित्रं ते भाच्याला आणून देत. मुंजीपासून मॅट्रिक होईपर्यंत सासरे ती जमवत होते. पुढे दोन मुलं झाल्यावर दर रविवारी दुपारी सतरंजी अंथरून ते पन्नासही प्राणी पाच-पाचाच्या ओळींत लावत आणि मागची माहिती मराठीत करून मुलांना सांगत. हात लावायची परवानगी नव्हती. मी सून म्हणून आले तेव्हाही नव्हती.

सासरे गेले आणि वाटणी झाली. कसब्यातल्या जुन्या जागेवर इमारत उठली होती. आम्हाला दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट मिळाला, थोरल्या दत्तप्रसाद भाऊजींना तिसऱ्या. भांडी, चांदी, समया, देवसुद्धा बिनबोभाट वाटून झाले. अडलं ते या चित्रांपाशी.

भाऊजी म्हणाले, "पहिली पंचवीस मी घेतो, पुढची तू घे."

"म्हणजे वाघ, सिंह, हत्ती तुला आणि मला साळिंदर नि मुंगूस?" आमचे हे म्हणाले. हे म्हणजे श्यामसुंदर, धाकटे.

"मग पहिली तू घे."

"नको. जन्मभर ऐकवशील."

शेवटी नात्यातले एक निवृत्त न्यायाधीश बोलावले. त्यांनी दोन कप चहा घेतला आणि निकाल दिला. विषम नंबर थोरल्याला, सम नंबर धाकट्याला. दोघांसाठी एकसारख्या दोन पत्र्याच्या डब्याही त्यांनीच सुचवल्या. जमलेल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. इतकी न्याय्य वाटणी पेठेत झाली नसेल, असं कुणीतरी म्हणालंसुद्धा. मी शाळेत गणित शिकवत होते. भागाकार बरोबर होता, बाकी शून्य होती, आणि एका चांगल्या संचाची दोन घरांत वाट लागली होती. पण धाकट्या सुनेला कोण विचारतो. सिंह दोन नंबरचा, हत्ती चार नंबरचा, ते आमच्याकडे आले. वाघ तीन नंबरचा होता. तो वरच्या मजल्यावर गेला.

त्यानंतर दोघांनी आपापल्या डब्या कपाटात ठेवल्या आणि एकमेकांपुढे त्यांचं नाव काढलं नाही. अबोला म्हणाल तर नव्हता. पाण्याचा टँकर, लिफ्टची दुरुस्ती, गच्चीवर कुणी पापड वाळत घातले, यावर दोघे भरपूर बोलत. दिवाळीच्या फराळाला एकमेकांकडे जात आणि चकलीला नावं ठेवून परत येत.

गेल्या वर्षी ह्यांच्या डोळ्यांचं निघालं. पडद्याचा आजार. उजवा डोळा आधीच कामातून गेला होता. डाव्या डोळ्यात नजरेच्या बरोबर मधोमध डाग धरला होता आणि तो वाढणार होता. कडेकडेचं दिसत राहील, घरात हिंडता-फिरता येईल, पण समोर धरलेली वस्तू दिसायची नाही. डॉक्टर म्हणाले, इंजेक्शनं देऊ, किती टिकेल ते सांगता येणार नाही. रिक्षातून घरी येताना हे म्हणाले, "हेमा, दिसतंय तोवर एकदा पन्नासच्या पन्नास ओळीनं लावलेले बघायचेत. वाघ एकदा नीट बघायचाय."

मला हायसंच वाटलं. मला वाटलं होतं, काशीला चला म्हणतात की काय. पन्नासातले पंचवीस घरात होते आणि उरलेले एक जिना वर. श्रावण चालू होता. मी मनात म्हटलं, गणपतीच्या आत उरकून टाकू.

मी वर गेले. भाऊजी खुर्चीत पेपर वाचत होते.

"भाऊजी, ह्यांना सगळी चित्रं एकदा एकत्र बघायची आहेत."

"बघू दे की." पेपर खाली झाला नाही. "हरकत काहीच नाही. त्यानं येऊन मागावीत. जिना त्यालाही आहे."

मी खाली आले. हे म्हणाले, "माझ्याच वडिलांची वस्तू मी जाऊन मागायची? त्यानं आणून द्यायला काय झालं?"

"डोळ्यांचं सांगू का त्यांना?"

"खबरदार. दादाला फक्त मोतीबिंदू सांगायचा. खरं कळलं तर दया येऊन आणून देईल. तशी मला नकोत."

आता यावर काय बोलणार? माणसाची नजर चालली आहे आणि त्याला भावाची चित्रं हवीत, पण ती भावानं आपणहून, काही कारण नसताना, सहज म्हणून द्यायला हवीत. आणि भाऊ असा की त्यानं सहज म्हणून कुणाला रस्तासुद्धा सांगितलेला नाही. दोघांच्या मध्ये मी आणि माझे गुडघे.

गणपती झाले. मी सुचवलं, वर नको नि खाली नको, सोसायटीच्या मीटिंगच्या खोलीत जमू. दोघांना पसंत पडलं. मग खोलीची किल्ली कोणी आणायची यावर नवरात्र गेलं. किल्ली मी आणली. तर भाऊजी म्हणाले, "मी पंचवीस वस्तू घराबाहेर काढणार. त्यानं पोच लिहून द्यावी."

हे म्हणाले, "देतो की. पण माझेही पंचवीस तिथं असणार. आधी त्यानं द्यावी."

"तुम्ही दोघं एकदमच द्या," मी म्हटलं.

"एकदम म्हणजे कशी? कुणाची सही आधी होणार?"

मी किल्ली परत देऊन आले.

दिवाळीत भाऊजींचा मुलगा शौनक बंगळूरहून आला होता. मी त्याला जिन्यात गाठलं. तो बिचारा लगेच म्हणाला, "काकू, सिंपल आहे. मी बाबांच्या सगळ्या कार्डांचे फोटो काढून काकांना व्हॉट्सअ‍ॅप करतो. झूम करून बघतील, उलट बरंच दिसेल." त्यानं खरोखर काढले आणि पाठवले. ह्यांनी फोन उघडलासुद्धा नाही. "फोटो बघायचे असते तर फोनमध्ये जगातले वाघ आहेत," म्हणाले. वर भाऊजींनी शौनकला ऐकवलं ते वेगळंच. विचारल्याशिवाय कपाट का उघडलं म्हणून. पोरगं भाऊबीज करून मुकाट्यानं परत गेलं.

मला सांगायला लाज वाटत नाही, त्या दिवसांत मला दोघांचाही मनस्वी राग येत होता. भाजी निवडताना यायचा, कुकर लावताना यायचा. इंजेक्शनाला नेताना दवाखान्याच्या बाकावर बसून मी समोरच्या भिंतीकडे बघत मनातल्या मनात दोघांना छड्या मारत असे. वर्गात अशी दोन पोरं असती तर एकाला पहिल्या बाकावर आणि दुसऱ्याला दाराबाहेर उभं करून तास पुढे नेला असता. इथे एकाशी लग्न झालेलं आणि दुसऱ्याला भाऊजी म्हणायचं.

ह्यांचा दिनक्रम मात्र ठरलेला होता. दुपारची झोप झाली की खिडकीशी खुर्ची ओढायची, माझ्याकडे डबी मागायची, भिंग लावून एकेक चित्र बघायचं आणि मला ऐकवायचं. सिंहाची आयाळ, हत्तीचे कान, जिराफाच्या मानेवरचे ठिपके. मी स्वयंपाकघरातून हं हं करत असे. इंजेक्शनांनी काय फरक पडतोय असं विचारलं की म्हणत, "दिसतंय अजून. तू वरचं बघ."

मग मी पुन्हा वरचं बघायला जात असे. संक्रांतीला तिळगूळ घेऊन गेले तेव्हा विषय काढला. भाऊजींनी तिळगूळ तोंडात टाकला आणि म्हणाले, "इतकी घाई कसली आहे त्याला? मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घे म्हणावं. मग स्वच्छ दिसेल."

खरं कारण मी सांगितलं नाही, तिळगुळाचा डबा उचलला. मी जिना उतरून खाली आले आणि बाथरूममध्ये नळ सोडून रडले. दुःखानं म्हणाल तर थोडं, बरंचसं चिडून.

होळी झाली त्या आठवड्यात मला राहवलं नाही. मंदावहिनी, म्हणजे माझी थोरली जाऊ, गच्चीवर कुरडया घालत होत्या. मी त्यांच्याशेजारी बसले आणि सगळं सांगितलं. पडदा, डाग, इंजेक्शनं, वाघ. नवऱ्याला दिलेला शब्द मोडला आणि मोडताना मला जराही वाईट वाटलं नाही.

वहिनींचा आवाज चढलेला मी कधी ऐकलेला नाही. तेव्हाही चढला नाही. चिकाचा हात पदराला पुसत त्या म्हणाल्या, "आणि हे तू आत्ता बोलतेस?"

"शपथ घातली होती ह्यांनी."

"शपथा बायकांना घालायच्या आणि आपण हटून बसायचं." त्यांनी कुरडयांचा साचा बाजूला ठेवला. "उद्या दुपारी हे ज्येष्ठ नागरिक संघात व्याख्यानाला जाणार आहेत. मी डबी घेऊन खाली येते. मागायचं नाही, सांगायचं नाही आणि कुणाची पोच नाही. संध्याकाळच्या आत परत नेऊन ठेवते."

इतके महिने हे आम्हाला सुचलं कसं नाही, असं वाटून आम्ही दोघी गच्चीवर हसत सुटलो.

दुसऱ्या दिवशी वहिनी पिशवीतून डबी घेऊन आल्या. वर कढीपत्ता ठेवला होता, शेजाऱ्यांनी विचारलं तर म्हणून. हे झोपले होते. आमची डबी आणि त्यांची डबी शेजारी ठेवली तर ओळखू येईना. मी झाकण उघडून वाघ बघितला. लग्नानंतर पहिल्यांदाच इतक्या जवळून बघत होते. पिवळ्या गवतात एक पाय उचलून उभा. इतकासा चौकोन आणि त्यासाठी किती जिने.

आमचा बेत साधा होता. हे उठले की नेहमीसारखी डबी मागतील. मी त्यांच्या हातात भाऊजींची डबी द्यायची. झाकण उघडल्यावर सिंहाच्या जागी एक नंबरचं अस्वल निघेल आणि त्याच्याखाली वाघ. ह्यांचा चेहरा बघायचा. मग आमची डबी आणून सगळी पन्नास टेबलावर ओळीनं लावायची. वहिनी स्वयंपाकघराच्या दाराशी पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या. मला वाटतं आम्ही दोघी नववीतल्या मुलींसारख्या खुशीत होतो.

हे उठले, तोंड धुऊन आले, खुर्चीत बसले. "डबी दे गं."

मी दिली. त्यांनी झाकण काढलं, वरचं चित्र उचललं, खिडकीकडे धरलं, भिंग लावलं.

"सिंह," ते म्हणाले. "काय आयाळ रंगवली आहे."

त्यांच्या हातात अस्वल होतं.

मला वाटलं थट्टा करताहेत. आमचा बेत कळला आणि आता आमचीच फिरकी घेताहेत. मी वहिनींकडे बघितलं. त्यांचा पदर अजून तोंडावरच होता, पण डोळ्यांतलं हसू गेलं होतं. ह्यांनी अस्वल मांडीवर ठेवलं आणि खालचं चित्र उचललं. तसंच खिडकीकडे धरलं, भिंग पुढे-मागे केलं.

"हत्ती. कान बघ केवढे."

वाघ होता. ज्याच्यासाठी श्रावणापासून माझा जीव खाल्ला होता तो वाघ हातात धरून माझा नवरा त्याच्या कानांचं कौतुक करत होता.

तेवढ्यात दारातून भाऊजी आत आले. व्याख्याता आजारी पडला म्हणून संघातून लवकर परतले होते. घरात वहिनी नाहीत, कपाट उघडं, डबी गायब. तडक खाली आले होते, चपला पायात तशाच. "माझी डबी कुणी..." एवढं बोलून त्यांनी ह्यांच्या हाताकडे बघितलं.

"कोण, दादा?" हे आवाजाच्या दिशेनं वळले. "ये, बस. हत्ती बघतोय. आमचा." आणि चित्र त्यांच्यापुढे धरलं.

भाऊजींनी ते घेतलं. एकदा चित्राकडे बघितलं, एकदा भिंगाकडे, मग माझ्याकडे. वहिनींनी दारातूनच मान हलवली. भाऊजी हुशार माणूस. त्यांना कळायला वेळ लागला नाही. त्यांनी घसा साफ केला.

"चांगला आहे," ते म्हणाले. "सुळे छान आलेत."

तिथे माझं डोकं फिरलं. "पुरे झालं आता," मी म्हणाले. "अहो, वाघ आहे तो. भाऊजींचा वाघ. वहिनींनी आणला, मीच तुमच्या हातात दिला."

ह्यांनी हात पुढे केला, भाऊजींनी चित्र परत दिलं. ह्यांनी मान तिरकी केली, डोळ्याच्या कडेनं बघायचा प्रयत्न केला, चित्र जवळ आणलं, लांब नेलं. मग मांडीवर ठेवलं.

"कधीपासून दिसत नाही?" मी विचारलं.

"संक्रांतीच्या आसपास गेलं."

"संक्रांत? आणि मला जिने चढायला लावत होतात? रोज मला आयाळ नि कान ऐकवत होतात?"

"तू वर जात होतीस तोवर वाटायचं, अजून वेळ आहे." ते अगदी साध्या आवाजात म्हणाले. "थांबली असतीस तर संपलं असतं."

मला त्यांना हलवून जाब विचारावासा वाटला. भाऊजी अजून उभेच होते. शेवटी खुर्ची ओढून ते ह्यांच्यासमोर बसले.

"मला मोतीबिंदू सांगितला होता," ते म्हणाले.

"मीच सांगायला लावलं होतं." ह्यांनी वाघाचं चित्र दोन बोटांत धरलं. "दादा, याचं तोंड उजवीकडे आहे ना? मला उजवीकडे आठवतं. नाना सतरंजीवर लावायचे तेव्हा तो हत्तीकडे बघत असायचा."

भाऊजींनी वाकून बघितलं. मीही बघितलं. वाघ डावीकडे बघत होता.

"हो," भाऊजी म्हणाले. "उजवीकडेच आहे. बरोबर आहे तुझं."

हे हसले नाहीत. बराच वेळ त्या कागदाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले.

"दादा," ते म्हणाले, "माझं बरोबर आहे असं तू आजवर एकदाही म्हणाला नाहीस. परीक्षेचा निकाल हातात असतानासुद्धा नाही. आता म्हणतोयस म्हणजे मी गेल्यातच जमा का?"

भाऊजींचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. त्यांनी खिशातून चष्मा काढला, पुसला, लावला आणि चित्र ह्यांच्या हातातून जवळजवळ ओढून घेतलं.

"डावीकडे आहे," ते म्हणाले. आवाज फाटला होता. "चक्क डावीकडे. तुला लहानपणापासून डावं-उजवं कळत नाही. तो हत्तीकडे बघतच नव्हता, सिंहाकडे बघायचा. मूर्ख आहेस तू."

"हं," हे म्हणाले, आणि खुर्चीत मागे टेकले. "आता सांग. पाय कुठला उचललाय?"

"पुढचा. पण डावा की उजवा ते गवतात नीट कळत नाही."

"नीट बघून सांग. तुला दिसतंय ना?"

मी आत गेले. गॅसवर चहाचं आधण ठेवलं आणि ओट्याला टेकून उभी राहिले. राग कुणाचा करायचा ते ठरत नव्हतं, म्हणून सगळ्यांचाच करत होते. बाहेर दोघांचं चाललं होतं. गेंड्याच्या शिंगावरचा डाग शाईचा की छापातला, आणि शाईचा असेल तर ती कुणी सांडली. दोघेही सांगत होते, दुसऱ्यानं. वहिनींनी आमची डबी कपाटातून काढून घेतली होती आणि त्या एकट्याच टेबलावर चित्रं मांडत होत्या, एक इकडचं, एक तिकडचं, पाच-पाचाच्या ओळींत. त्या दोघांचं तिकडे लक्ष नव्हतं. एकाला दिसत नव्हतं आणि दुसरा त्याच्या तोंडाकडे बघत होता. सगळी पन्नास लागली तेव्हा वहिनींनी मला हाक मारली. मी चहा गाळायचा सोडून गेले आणि बघितली, कारण कुणीतरी बघायला हवीच होती.